खऱ्यांच्या रांगेतला एक खोटा खडा

रमजानचे रोजे निम्म्यावर आले की सराफाच्या दुकानात एक वेगळे गिऱ्हाईक दिसू लागते. त्याला काही विकत घ्यायचे नसते, काही मोडायचेही नसते. रुमालात बांधून आणलेले दागिने त्याला फक्त तोलून हवे असतात, कारण जकातीचा हिशेब करायचा असतो. हनफी परंपरेत अंगावरचे सोनेही जकातीत धरतात. साडेसात तोळे, म्हणजे सुमारे ८७.५ ग्रॅम सोने ही त्याची मर्यादा आणि दर अडीच टक्के. घरच्या वापरातल्या हिऱ्या-माणकांवर मात्र जकात नाही. म्हणून सराफ दागिना तोलतो, खड्यांचे वजन अंदाजाने वजा करतो आणि निव्वळ सोन्याचा आकडा कागदावर लिहून देतो.

या वजाबाकीच्या वेळी सहज प्रश्न निघतो, “खडे खरे आहेत ना?” सराफ भिंगातून एखादा खडा पाहतो, मान डोलावतो आणि पुडी पुन्हा बांधली जाते. हाच प्रश्न लग्नसराईत विचारला जातो, पाडव्याला विचारला जातो, गहाण ठेवताना आणि वाटणी करतानाही विचारला जातो. उत्तर बहुधा असेच मिळते.

अडचण प्रश्नातच आहे. तो दागिन्याबद्दल विचारला जातो. खरे-खोटेपण मात्र एकेका खड्याचे असते. पंचवीस खड्यांच्या हारात बावीस अस्सल आणि तीन नकली असू शकतात. बावीस अस्सल आहेत म्हणूनच उरलेले तीन वर्षानुवर्षे खपून जातात.

भेसळ शिरते कुठून?

दुधात पाणी घालणारा नुसते पाणी कधी विकत नाही. खड्यांचेही तसेच. सगळेच खडे काचेचे असतील तर पहिल्याच जाणकाराच्या हाती ते पकडले जातात. पण अस्सल खड्यांच्या रांगेत दोन-तीन नकली बसवले तर तपासणाऱ्याचे बोट ज्या खड्यावर पडते तो बहुतेक वेळा खराच निघतो, आणि त्या एकाच्या पुण्याईवर सगळी रांग पास होते. ही झाली लबाडीची वाट.

दुसरी वाट दुरुस्तीची. नथीतला मोती निसटतो, कुडीतले माणिक पडते, झुमक्यातला पाचू तडकतो. उद्या घरात कार्य असते. कारागीर जवळ असलेला मिळताजुळता खडा बसवून देतो, घरचेही ‘चालेल’ म्हणतात. तेव्हा कोणी कोणाला फसवलेले नसते. पण तो दागिना लेकीकडे जातो, तिच्याकडून सुनेकडे जातो आणि बदललेल्या खड्याची गोष्ट मात्र मागेच राहते.

तिसरी वाट सगळ्यांत अलीकडची आणि अवघड. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पाडले जातात. बारीक हिऱ्यांचा व्यापार एकेका नगाने होत नाही, पुड्यांनी होतो. एका पुडीत शेकडो नग असतात आणि ती अनेक हातांतून फिरते. वाटेत कुठे तरी खाणीतल्या हिऱ्यांत प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे मिसळले गेले तर दागिना घडवणाऱ्यालाही ते कळत नाही, विकणाऱ्यालाही नाही. त्यामुळे एखादा खडा खोटा निघाला की समोरच्या सराफाला चोर ठरवण्याची घाई करू नये. चूक कोणत्या वळणावर झाली हे आधी पाहावे लागते.

तीन वेगळ्या गोष्टी

‘खोटा’ या एका शब्दात बाजार तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली नक्कल. यात पदार्थच वेगळा असतो आणि दिसणे तेवढे सारखे असते. लाल काच माणकाच्या जागी, रंगवलेला पांढरा दगड फिरोजाच्या जागी, क्युबिक झिरकोनिया हिऱ्याच्या जागी. दुसरा कृत्रिम खडा. पदार्थ तोच, फक्त जमिनीत न घडता भट्टीत किंवा यंत्रात घडलेला. तिसरा संस्कार केलेला खडा. तो खाणीतूनच आलेला असतो, पण त्याच्या भेगा काचेने, तेलाने किंवा राळेने भरलेल्या असतात, किंवा त्याचा रंग तापवून खुलवलेला असतो. या तिघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असते. तिन्ही आपापल्या नावाने विकले गेले तर तक्रारीला जागा नाही. एकाच्या नावावर दुसरा खपवला की फसवणूक होते.

“आमचे दागिने आजीच्या वेळचे आहेत, त्यात कसली भेसळ?” हा भरवसाही तपासून घ्यावा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्न्यूई याने ज्वाळेत भुकटी वितळवून माणिक घडवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली. त्यानंतर काही वर्षांतच भट्टीतली माणके आणि नीलम दागिन्यांत सर्रास बसू लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या अस्सल सोन्यात, अस्सल हिऱ्यांच्या शेजारी कारखान्यातले माणिक सापडणे यात नवल काही नाही. त्याची चमक, कठीणपणा आणि वजन खऱ्या माणकाइतकेच असते. फरक फक्त आत पाहिल्यावर कळतो.

उलट टोकाला काचभरली माणके. ती २००४ च्या सुमारास बाजारात आली. हलक्या, भेगाळलेल्या माणकात शिसेमिश्रित काच भरली की तो खडा एकदम पारदर्शक दिसतो. अशा खड्याची काच लिंबाच्या रसानेही खराब होते आणि सोनाराच्या ज्वाळेने तर नासतेच. स्वयंपाकघरातल्या हातात असली अंगठी काही महिन्यांत डागाळली की घरच्यांना वाटते, खडा ‘उतरला’. खरे तर भेगांमधली काच झिजलेली असते.

एका दगडाने दुसऱ्याचे नाव लावण्याची गोष्ट फार जुनी आहे. फारसी-उर्दूत माणकाला ‘याकूत’ म्हणतात आणि बदख्शानच्या लाल दगडाला ‘लाल’. डोळ्यांना दोन्ही सारखेच तांबडे. युरोपातले जवाहिरे कित्येक शतके दोघांनाही माणिकच म्हणत राहिले. ब्रिटिश राजघराण्याकडे असलेले ३५२.५ कॅरेटचे प्रसिद्ध ‘तैमूर माणिक’ प्रत्यक्षात माणिक नाही, तो ‘लाल’ आहे. आज शास्त्र त्याला स्पिनेल म्हणते. हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनीने मात्र रत्नांवरच्या आपल्या ग्रंथात याकूत आणि लाल वेगळे धरले होते. खडा पाण्यात बुडवून किती पाणी बाहेर सांडते ते मोजायचे आणि त्यावरून त्याची घनता काढायची, ही पद्धत त्याने वापरली. समान आकाराच्या पाण्याच्या चौपट वजन माणकाचे भरते, स्पिनेलचे ३.६ पट. सुटा खडा असेल तर हा तराजू आजही खोटे बोलत नाही. दिल्लीच्या अलाउद्दीन खिलजीच्या कारकिर्दीत, १३१५ साली, ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्यानेही रत्नपरीक्षेवर ग्रंथ लिहिला. राजाचा खजिना भरायचा तर आधी खडा पारखावा लागतो, हे त्याही काळी माहीत होते.

शेजारीच साक्ष देतात

दागिन्यात जडवलेला खडा पाण्यात बुडवून तोलता येत नाही. तिथे दुसरा मार्ग उपयोगी पडतो, आणि तो मिश्र दागिन्यातच सर्वांत चांगला चालतो. संशयित खड्याची तुलना त्याच्या शेजाऱ्यांशी करायची. अस्सल खडेच नकली खड्याविरुद्ध साक्ष देतात.

त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि खिडकीतला दिवसाचा उजेड एवढे पुरते. दागिना आधी कोमट साबणपाण्याने हलक्या हाताने धुऊन कोरडा करावा. मोती, पोवळे, फिरोजा आणि पाचू असतील तर फक्त मऊ कापडाने पुसावा. मग डावीकडून उजवीकडे एकेक खडा पाहत जावे.

पहिली नजर कोंदणावर. एकाच खड्याच्या नख्या इतरांपेक्षा नव्या, चकचकीत किंवा वाकड्या असतील, मागे डागाची खूण असेल, तर तो खडा कधी तरी बदललेला आहे. कुंदनकामात खड्याखाली चकाकता पातळ पत्रा घालतात. ती परंपराच आहे. पण रंगीत पत्र्यावर बिनरंगी काच बसवली तरी वरून ती माणकासारखी दिसते. म्हणून मागून बंद असलेल्या कोंदणात जास्त सावध राहावे.

दुसरी नजर पैलूंच्या कडांवर. काच मऊ असते. वीस वर्षांच्या वापरात तिच्या कडा गोल होतात, ओरखडे पडतात. शेजारच्या माणकाच्या किंवा नीलमाच्या कडा तशाच धारदार राहतात. सगळे खडे एकाच वेळी बसवलेले असून काहींचीच झीज झालेली दिसली, तर फरक पदार्थाचा आहे.

तिसरी नजर खड्याच्या आत. निसर्गाने घडवलेल्या खड्यात बारीक सुया, स्फटिक, रंगाचे सरळ पट्टे, धूसर ढग असे काही ना काही असते, आणि दोन खडे कधी हुबेहूब सारखे नसतात. काचेत गोल बुडबुडे आणि सरबतात साखर विरघळताना दिसतात तशा वळणदार रेषा दिसतात. व्हर्न्यूईच्या माणकात ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या वक्र रेघा दिसू शकतात. रांगेतला एकच खडा इतरांपेक्षा फारच निर्मळ, फारच देखणा असेल तर कौतुकाआधी त्याच्याकडे भिंग न्यावे.

जोडखडेही असतात. जुन्या दागिन्यांत वर गार्नेटची पातळ चकती आणि खाली रंगीत काच असा जोड पुष्कळ सापडतो. भिंगातून गार्नेट दिसते आणि पाहणारा फसतो. असा सुटा खडा पालथा करून पांढऱ्या कागदावर ठेवला तर कडेला लाल वर्तुळ दिसू शकते. बाजूने पाहिल्यास जोडाची रेषाही सापडते.

हिऱ्यांच्या रांगेवर तोंडाची वाफ सोडावी. हिरा उष्णता झटकन वाहून नेतो, त्यामुळे त्याच्यावरचे धुके लगेच उडते. काचेवर आणि झिरकोनियावर ते रेंगाळते. एकाच फुंकरीत काही खडे लख्ख आणि काही धूसर दिसले तर पुढची तपासणी करून घ्यावी. सराफाकडे अतिनील दिवा असेल तर आणखी एक खूण मिळते. खाणीतल्या हिऱ्यांपैकी साधारण २५ ते ३५ टक्के त्या प्रकाशात चमकतात, बहुतेक निळे, कमी-अधिक प्रमाणात. बाकीचे गप्प राहतात. म्हणून अस्सल हिऱ्यांची जुनी बांगडी त्या दिव्याखाली विस्कळीत दिसते. सगळे खडे अगदी एकसारखे चमकले तर ती शंकेची जागा समजावी.

मोत्यांसाठी दाताची जुनी परीक्षा अजून उपयोगाची आहे. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासला तर खरा किंचित खरखरीत लागतो, काचेचा अथवा प्लास्टिकचा गुळगुळीत. छिद्रापाशी भिंग नेले तर नकली मोत्याचा लेप सुटलेला दिसतो. पण खरखरीत लागणारा प्रत्येक मोती समुद्रात आपसूक घडलेला असतो असे नाही. माणसाने शिंपल्यात मणी घालून वाढवलेला मोतीही तसाच लागतो.

मोत्यांनी उघडायला लावलेली प्रयोगशाळा

या फरकाने एकेकाळी मोठा बाजार हादरला होता, आणि त्याचा मुंबईशी जवळचा संबंध होता. महाराष्ट्रातल्या नथीत, तन्मणीत, चिंचपेटीत मानाने मिरवणारा ‘बसरा’ मोती आखाती समुद्रातला. तिथला माल मुंबईत येई, इथे त्याची प्रतवारी होई, त्याला छिद्रे पाडली जात, सर ओवले जात आणि पुढे तो युरोपला जाई. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी संवर्धित मोती जागतिक बाजारात आले. वरचे पापुद्रे तेच, आत मणी. एका सरात दोन्ही ओवले की वेगळे करणे डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचे.

त्या गोंधळातून १९२५ साली लंडनच्या व्यापारी मंडळाने मोती आणि रत्ने तपासण्यासाठी प्रयोगशाळा उघडली. छिद्रात घालायच्या पोकळ सुईवजा उपकरणाने तिथे एकेक मोती आतून पाहिला जाई. पुढे क्ष-किरणांनी हे काम सोपे केले. त्या लोकांनी सराबद्दल मत दिले नाही, एकेका मोत्याबद्दल दिले. घरात जुना बसरा सर असेल आणि मधले काही मोती पुढे कधी तरी ओवले असतील, तर आजही क्ष-किरण तपासणीशिवाय इलाज नाही.

यंत्राचीही मर्यादा असते

बऱ्याच दुकानांत पेनासारखे एक यंत्र असते. टोक हिऱ्याला टेकवले की दिवा लागतो. हे यंत्र उष्णता किती वेगाने वाहते ते पाहते. झिरकोनिया आणि काच ते अचूक पकडते. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेला मॉयसनाइट हा खडाही उष्णता तशीच वाहून नेतो आणि या साध्या यंत्रापुढे हिरा म्हणून पास होतो. त्याला पकडण्याची खूण भिंगात आहे. तिरके धरून पाहिले तर त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्याच्या कधीच दिसत नाहीत. प्रयोगशाळेतला हिरा तर हिराच असतो. तो ना पेनयंत्राला ओळखू येतो ना भिंगाला. त्यासाठी प्रकाशाच्या वर्णपटावर चालणारी मोठी उपकरणे लागतात आणि ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतच असतात.

राहिला प्रश्न किती खडे तपासायचे हा. समजा एका पुडीत शंभर हिरे आहेत आणि त्यांत पाच मिसळलेले आहेत. कोणतेही पाच उचलून तपासले तर पाचही खरे निघण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के येते. म्हणजे चारपैकी तीन वेळा तपासणारा समाधानाने मान डोलावेल आणि मिसळलेले पाच तसेच आत राहतील. म्हणून ‘दोन-चार पाहिले, ठीक आहेत’ या वाक्याला भेसळीच्या बाबतीत फारशी किंमत नाही.

हे प्रयोग घरी नकोत

हिऱ्यावर हातोडी मारून पाहू नये. हिरा कठीण असतो, पण योग्य दिशेने घाव बसला की दुभंगतो. खडे एकमेकांवर किंवा काचेवर घासू नयेत; ओरखडा खऱ्या खड्यालाही पडू शकतो. तापलेली सुई आणि आम्ल यांनी मोती, पोवळे, पाचू कायमचे बिघडतात. नीलम दुधात ठेवून दूध निळे दिसते का पाहणे निरुपद्रवी असले तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. निळी काचही तोच खेळ करते.

ओले धान्य वर असू द्या

खऱ्यात खोटे मिसळण्याबद्दलचा एक प्रसंग हदीसमध्ये आहे. बाजारातल्या धान्याच्या राशीत पैगंबरांनी हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा, ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले. धान्य ओले होणे हा गुन्हा नव्हता. ते खाली दडवणे हा होता. खड्यांच्या बाजारात हे ‘वर ठेवणे’ पावतीवर होते.

हॉलमार्क पाहून गिऱ्हाईक निश्चिंत होते. पण हॉलमार्क फक्त सोन्याच्या कसाबद्दल बोलतो, खड्यांबद्दल एक अक्षरही नाही. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा झाला. कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिने तर या सक्तीतूनही वगळलेले आहेत. नेमके तेच, ज्यांत खडे सर्वाधिक असतात.

त्यामुळे ईदसाठी असो वा लग्नासाठी, पावतीवर काही गोष्टी लिहून मागाव्यात. एकूण वजन वेगळे, खड्यांचे वजन वेगळे आणि निव्वळ सोने वेगळे. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. वीस ग्रॅमच्या दागिन्यात पंधरा कॅरेटचे खडे असतील तर सोने सतराच ग्रॅम. तीन ग्रॅम खड्यांचे पैसे सोन्याच्या भावाने द्यायचे नाहीत. प्रत्येक जातीच्या खड्यांचे नाव, संख्या आणि ते नैसर्गिक, प्रयोगशाळेतले, संस्कारित की नकली, हेही लिहिलेले हवे. प्रयोगशाळेचा दाखला असेल तर तो सर्व खड्यांचा आहे की काही निवडक खड्यांचा, एवढे वाचावे. जडवलेल्या खड्याची तपासणी सुट्या खड्याइतकी पूर्ण होत नाही, म्हणून मोठा खडा जडवण्याआधीच दाखवून घ्यावा. दुरुस्तीला देताना खड्यांची मोजणी करून, मागून-पुढून फोटो काढून द्यावा आणि बदललेल्या खड्याची नोंद पावतीवर घ्यावी.

एवढे करूनही फसवणूक झालीच तर पावती हाच आधार. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याआधी दुसऱ्या जाणकाराचे मत जरूर घ्यावे. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए याने औरंगजेबाच्या दरबारातली एक हकीकत लिहून ठेवली आहे. एका सरदाराने मोठी किंमत देऊन घेतलेला ‘लाल’ बादशहाला नजर केला. एका वृद्ध पारख्याने तो ‘लाल’ नाहीच असे सांगितले. दरबारात एकमत होईना, तेव्हा बादशहाने तो खडा आग्ऱ्याला कैदेत असलेल्या आपल्या बापाकडे, शाहजहानकडे पाठवला; कारण खड्यांची तशी पारख दुसऱ्या कोणाला नव्हती. शाहजहानने वृद्धाचीच बाजू खरी ठरवली आणि विकणाऱ्याला पैसे परत करावे लागले.

आज असा पारखी घरोघर नसला तरी भिंग काही शे रुपयांत मिळते आणि प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. जकातीसाठी दागिने तोलायला जाल, किंवा कार्यासाठी तिजोरीतून काढाल, तेव्हा “खडे खरे आहेत ना?” असे न विचारता “यातले कोणते खरे आहेत?” असे विचारा. चांगला सराफ या प्रश्नाने रागावणार नाही. भिंग उचलून पहिल्या खड्यापासून सुरुवात करील.